मृत्यूचा रकाना

१

निवृत्तीनंतर दुपारी झोपायची सवय लागू नये म्हणून मी चर्चचं काम घेतलं. अठ्ठावीस वर्षं मी तंजावूरच्या एका शाळेत इतिहास शिकवला. जुनी इंग्रजी हस्ताक्षरं मला वाचता येतात, आणि राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतून चर्च ऑटोने दहा मिनिटांवर. माझे यजमान हनुमंतराव म्हणाले, "जा की, सुप्रभा. घरी बसून माझ्या चुका काढण्यापेक्षा मेलेल्या इंग्रजांच्या काढ."

चर्च खंदकापलीकडे आहे. कधी काळी इंग्रज पलटणीसाठी बांधलेलं. आता दर रविवारी तिथे तमिळमध्ये प्रार्थना होते. इंग्रज गेले, त्यांच्या नोंदवह्या मागे राहिल्या. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन, जवळजवळ शंभर वर्षांच्या. वाळवीने खायच्या आत त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या असं पास्टरांनी ठरवलं होतं. शिवाय इंग्लंडहून ॲलिसन थॉर्नबी नावाच्या बाईंचे मेल येत होते. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या इथे राहिल्या, इथेच पुरल्या गेल्या. बाईंना प्रत्येकाचं नाव, वय आणि तारीख हवी होती.

मी रोज दहाला जायचे. सुंदर कुलूप काढून बाजूची खोली उघडून द्यायचा, टेबल पुसायचा, पंखा लावायचा. तो चर्चचा राखणदार. झाडलोट, घंटा, मेणबत्त्या सगळं त्याच्याकडे. त्याच्या आधी त्याचा बाप आणि त्याच्याही आधी आजोबा हेच करत. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, तरी मी त्याला एकेरी हाक मारायचे आणि तो मला अम्मा म्हणायचा. इथे ते तसंच चालतं. त्याची मुलगी विनुता माझी विद्यार्थिनी. आता लग्न होऊन पापनाशमला असते, शिवणकाम करते. अकराला चहा आणून दिला की सुंदर तिच्याबद्दल एखादं वाक्य बोलायचा आणि निघून जायचा.

एवढाच दिनक्रम होता. दोन महिने मला तो फार आवडला.

२

दफनाच्या वहीत दोन रकाने शेजारी शेजारी आहेत. कधी मृत्यू, कधी दफन. उकाड्याचा प्रदेश असल्यामुळे बहुतेक ओळींत दोन्हींमध्ये एक दिवसाचं अंतर, कधी तेवढंही नाही.

एका सार्जंटच्या बायकोच्या ओळीत मला पहिली चूक सापडली. दफन सहा जून, मृत्यू नऊ जून. मी हसले. परीक्षेच्या पेपरात मुलं असंच करायची, राजा आधी मारायची आणि मग गादीवर बसवायची. पेन्सिलीने बारीक खूण करून मी पुढे गेले.

दुसरी चूक थॉर्नबी घराण्यात निघाली. एडवर्ड, वय चार. पुरला दोन ऑगस्टला, मेला पाच ऑगस्टला.

आठवडा संपेपर्यंत माझ्याकडे अशा अकरा ओळी होत्या. पहिली १८०३ ची, शेवटची १८९१ ची. अंतर कधी दोन दिवसांचं, कधी तीन, एकदा सहा. आणि त्या अकराही ओळींत मृत्यूची तारीख वेगळ्या शाईत होती, म्हणजे बाकीची ओळ लिहून झाल्यावर नंतर भरलेली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सगळ्या तारखा एकाच हाताच्या होत्या. सातच्या आकड्याच्या पोटात तिरकी रेघ, नऊची शेपटी डावीकडे वळलेली. १८०३ मध्ये तीच आणि १८९१ मध्येही तीच.

मी इतिहासाची शिक्षिका. कारण शोधायला मला वेळ लागला नाही. शेवटी शेवटी कोणीतरी दुसऱ्या कागदांवरून मागच्या तारखा भरल्या असणार आणि भरताना गोंधळ घातला असणार. मी ॲलिसनबाईंना तसं कळवलंही.

फक्त एका ओळीत तो रकाना रिकामा होता. हॅरिएट थॉर्नबी, वय एकोणीस, दफन चौदा मे १८२९. मृत्यू: काही नाही.

रात्री जेवताना मी हनुमंतरावांना सांगितलं. ते अंबट-भात, म्हणजे आमच्याकडचा सांबार-भात, कालवत होते.

"कारकून झोपेत असेल," ते म्हणाले.

"नव्वद वर्षं?"

"मग मेला असेल आणि काम सोडलं नसेल." स्वतःच्या विनोदावर ते खूप हसले. मीही हसले.

३

मे महिन्यात एका दुपारी अडीचच्या सुमाराला करंट गेला. पंखा थांबला, खोलीत बसवेना, म्हणून मी वाऱ्यासाठी चर्चच्या मोठ्या दालनात गेले.

बाकांच्या मधल्या वाटेवर सुंदर पालथा पडला होता. हात दोन्हीकडे पसरलेले, गाल फरशीला टेकलेला. मी धावले. जवळ गेले तेव्हा दिसलं की त्याचे डोळे उघडे आहेत. त्याने बोट ओठांवर ठेवलं.

"सुंदर! काय झालं तुला?"

"काही नाही अम्मा. ऐकतोय."

"काय ऐकतोयस?"

तो हळूहळू उठून बसला. गालावरची धूळ हाताने पुसली. तो पडला होता ती फरशी बाकीच्या फरश्यांपेक्षा लांबट होती. दोन महिने मी तिच्यावरून ये-जा केली होती. वाकून पाहिलं तर झिजलेली अक्षरं होती. नाव लागत नव्हतं, पण १८२९ लागत होतं.

"माझा बाप ऐकायचा," सुंदर म्हणाला. "त्याचा बाप ऐकायचा. दुपारी कोणालातरी ऐकावं लागतं."

"कशासाठी?"

"तारीख कळायला नको का?"

चुलीवर दूध ठेवलंय, लक्ष द्यायला नको का, अशा सुरात त्याने ते सांगितलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून मला राग आला.

"दोनशे वर्षांपूर्वीची बाई आहे ती. कधीच मेली ती, सुंदर."

त्याने मान हलवली. चुकलेल्या मुलाला सांभाळून घ्यावं तशी.

"अजून नाही अम्मा."

४

मी मोठ्याने हसले. रिकाम्या चर्चमध्ये ते हसणं छताला लागून परत आलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मग शांतता झाली. करंट नसल्यामुळे कुठल्याच पंख्याची घरघर नव्हती, रस्त्यावर दुपारची सामसूम.

फरशीखालून आवाज आला. टक् टक्. थोडं थांबून, टक्.

दगडावर दगड आपटल्यासारखा नव्हता. लाकडावर नख मारावं तसा होता, तोही फार दमलेल्या माणसाने.

"घूस आहे," मी म्हणाले. "जुन्या इमारतींखाली घुशी बिळं करतात."

"घूस," सुंदरने मान डोलावली. माझा मान राखायला.

घरी हनुमंतरावही घूसच म्हणाले. "औषध घालायला सांग चर्चवाल्यांना."

पुढचे आठ दिवस मी बाजूच्या खोलीत बसून, पंखा चालू असताना, तो आवाज ऐकला. अडीचला सुरू व्हायचा, तीनच्या सुमाराला थांबायचा. आधी दोन, मग एक. घूस घड्याळ बघत नाही हे मला कळत होतं. मग मी ठरवलं की त्या वेळी ऊन पश्चिमेच्या भिंतीवर येतं, दगड तापून फुगतो, त्याचा आवाज. तेही पटेना तेव्हा ठरवलं की पलीकडच्या रस्त्यावर कोणी सुतार असेल. माझ्याकडे तीन कारणं झाली. खरं असतं तर एक पुरलं असतं.

काम होईना. हॅरिएटच्या ओळीशी आलं की माझं बोट थांबायचं.

५

त्याच आठवड्यात ॲलिसनबाईंचा मेल आला. त्यांना हॅरिएटच्या नावाची पितळी पाटी बसवायची होती. मृत्यूची तारीख नक्की कोणती?

चौदाला पुरली म्हणजे तेराला मेली असणार. शहाणा माणूस हेच म्हणेल. मी तसं लिहून पाठवलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण वही समोर उघडी होती, रिकामा रकाना डोळ्यांत खुपत होता, आणि आता हे संपवून टाकावं असं वाटलं. मी पेन्सिल घेऊन लहान अक्षरात तारीख भरली. १३ मे १८२९.

त्या दुपारी अडीच वाजले. पावणेतीन झाले. तीन. काहीही ऐकू आलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी दुसरा चहा मागवायला सुंदरला हाक मारली.

तो आला तो दारातच उभा राहिला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"अम्मा, थांबलं."

"बरं झालं. औषध लागू पडलं असेल."

त्याने टेबलावरच्या वहीकडे पाहिलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण रिकामा रकाना भरलेला कळायला वाचता यावं लागत नाही. "हे कोणी लिहिलं?"

"मी. अंदाजाने."

"अंदाजाने," तो म्हणाला. मग खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. "ती होती, अम्मा. अजून होती ती."

मी रबर घेऊन तारीख खोडली. त्याच्यासमोर खोडली, समजूत घालायला. कागदावर वळ राहिला. आवाज परत आला नाही.

त्यानंतर सुंदर त्या फरशीवरून उठेनाच. सकाळी आलं की तिथे, चार वाजता निघताना तिथेच. घंटा वाजवायची राहून गेली, झाडलोट राहिली. फरशीवर तो बोटांच्या सांध्यांनी ठोकायचा, आधी दोन, मग एक, आणि कान लावून वाट बघायचा. सांध्यांची सालटी निघाली. फरशीवर रक्ताचे ठिपके दिसायला लागले. मला त्याच्या शेजारून जावं लागायचं, आणि तो वर बघायचा.

मी पास्टरांना सांगितलं. त्याच्या भल्यासाठी, असं म्हणाले. वय झालंय, डोकं ठिकाणावर नाही, कोणी पाहुणे आले तर काय म्हणतील. पेन्सिलीचं काही मी सांगितलं नाही. पास्टर भला माणूस. त्यांनी सुंदरला मायेने समजावलं आणि चावी मागून घेतली.

जाताना सुंदर माझ्या टेबलाजवळ आला. "येतो अम्मा," म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आता माझं कोण ऐकणार?"

६

पाचव्या दिवशी सकाळी सुंदर उठला नाही. शेजाऱ्यांनी डॉक्टर आणले. डॉक्टरांनी मनगट धरलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि हार्ट म्हणून सांगितलं. उकाडा भयंकर होता, आणि पास्टरांना संध्याकाळी कुंभकोणमला जायचं होतं. त्यामुळे दुपारी अडीचलाच प्रार्थना ठरली. विनुता पापनाशमहून बसने आली ती थेट चर्चमध्ये.

शवपेटी मधल्या वाटेत दोन स्टुलांवर ठेवली होती. स्टुलं त्या लांबट फरशीवर होती. दुसरीकडे जागाच नव्हती. साठेक माणसं असतील. मी दुसऱ्या बाकाच्या टोकाला बसले होते, हात लांब केला तर पेटीला लागेल एवढ्या अंतरावर. झाकण आधीच ठोकलेलं होतं.

दुसरं गाणं संपलं. माणसं बसली, बाकं करकरली, मग सगळं शांत झालं. पास्टरांनी पुस्तकाचं पान उलटलं.

टक् टक्.

थोडं थांबून, टक्.

फरशीखालून आला की पेटीतून, मला सांगता येईना. मी हात पुढे केला आणि नमस्कार करावा तशी बोटं पेटीच्या लाकडावर टेकवली. पुन्हा आला. बोटांना लाकूड थरथरलेलं कळलं. स्टुलं फरशीवर, पेटी स्टुलांवर. खालचा हादरा वर येणारच, असं मी मनात म्हणाले. तेवढ्या वेळात तेही कारण माझ्याजवळ तयार होतं.

उठून ओरडायला एक क्षण लागला असता. मी काय काय विचार केला ते आज मला नीट आठवतं. परक्या धर्माची मी, त्यांच्या मयतात उभं राहून पेटी उघडा म्हणू? उघडली आणि आत तो मेलेलाच निघाला तर? आणि मेलेला नसला, तर मग माझ्या डोक्यात हे कुठून आलं हे सांगावं लागेल. वही दाखवावी लागेल. चावी कोणामुळे गेली तेही निघेल. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. लाजेपुढे बाकीचं काही नव्हतंच.

विनुता पहिल्या बाकावर होती. ती मागे वळली. तिचे डोळे भीतीने विस्फारले होते. ती सरळ माझ्याकडेच बघत होती.

"टीचर," ती अगदी हळू म्हणाली. "ऐकलंत?"

"काय?"

"आतून. ठोकल्यासारखं."

मी बोटं पेटीवरून मागे घेतली.

"तुम्ही ऐकलं असेल तर मी थांबवते त्यांना. तुम्ही सांगा फक्त. मला काही कळत नाहीये टीचर, सकाळपासून पोटात काही नाही, मला भास होत असेल. तुम्ही सांगा."

वर्गात ही मुलगी माझं प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घ्यायची. फळ्यावर मी चुकून चूक लिहिली तरी तेच लिहायची.

"खाली उंदीर आहेत," मी म्हणाले. "जुनं चर्च आहे हे. मन घट्ट कर विनुता."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान डोलावली. वळून बसली. तिची मान, तिची घट्ट वेणी, तिच्या पाठीवर घामाने चिकटलेला ब्लाउज, एवढंच मला दिसत राहिलं. आणखी एकदा आवाज आला तेव्हा तिचे खांदे उडाले. पण ती वळली नाही.

चर्चमागच्या जागेत त्याला पुरलं. सगळ्यांबरोबर मीही मूठभर माती टाकली.

७

तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही. हनुमंतरावांना सांगितलं, ऊन लागलंय. दुसऱ्या दिवशी विनुताचा फोन आला. मी उचलला नाही. परत आला तेव्हा हनुमंतरावांनी घेतला. "झोपलीय ती," म्हणाले. तासाभराने तिसऱ्यांदा वाजला. त्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "ती विचारते, नक्की उंदीरच होते का म्हणून. काय सांगू?"

मी कपडे घडी करत होते. "उंदीरच होते म्हणून सांगा," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी मला राहवेना. थर्मासमध्ये कॉफी भरली, ऑटो केली आणि चर्चला गेले. पास्टर फाटकातच भेटले. त्रासलेले दिसले. "बरं झालं आलात. तुमची विद्यार्थिनी आहे ना? तुमचंच ऐकेल. तीन दिवस उठत नाही तिथून. काही खात नाही. काहीतरी भलतंच बोलत होती. माणसं फार घाबरली. खणा म्हणत होती. मग लोकांनीच समजावलं, तुझ्या टीचरने सांगितलंय ना, उंदीर आहेत म्हणून."

चर्चमागे लिंबाची सावली आहे. नव्या मातीच्या ढिगावर विनुता कुशीवर पडली होती, कान मातीला लावून. साडी मळली होती. नखं मातीने काळी झालेली आणि दोन तुटलेली. तिच्या हाताशी, ढिगाच्या एका बाजूला, कोपरभर खोल खड्डा होता. तेवढ्यावरच तिला कोणीतरी ओढून बाजूला केलं असणार. मी जवळ जाऊन बसले. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. रागवली नाही.

मी कॉफी ओतून पेला तिच्यासमोर धरला. ती उठून बसली आणि लहान मुलीसारखी दोन्ही हातांनी पेला धरून प्याली. गालावर मातीचा गोल ठसा उमटला होता. मी पदराने तो पुसला. पुसू दिला तिने.

"विनुता," मी म्हणाले. "आता काही ऐकू येतं का?"

"आता नाही, टीचर," ती म्हणाली. "आज सकाळपर्यंत येत होतं."